दाजी, टॉर्च बंद करा

चिठ्ठी लावली होती. ठसठशीत काळ्या मार्करने. 'पुठ्ठा काढू नये. काच वाजवू नये. लाइट लावू नये. हुकमावरून.' माझ्या माशांच्या टँकच्या पुढच्या काचेला मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा आणि त्यावर ही चिठ्ठी. याहून जास्त काय करायचं माणसाने? हवालदार बसवायचा?

दाजींनी ती मोठ्याने वाचली. 'हुकमावरून'ला खळखळून हसले. आणि पुठ्ठा काढला.

परवाच्या रविवारची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ. ताई-दाजी साताऱ्याहून आलेले, मटण झालेलं. माणूस हात धुवायला बेसिनकडे निघतो तर त्याने बेसिनकडे जावं ना? मध्ये माझा टँक लागतो हे मान्य. पण मध्ये फ्रिजही लागतो, देव्हाराही लागतो, तिथे नाही कोणी डोकं घालत. तर डाव्या हाताने खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि सरळ टँकमधल्या करवंटीच्या तोंडात. 'काय दिसत नाय बुवा,' म्हणाले. मग दिसलं. मग फोटो. एक फोटो नाही, तीन. वर व्हिडिओ.

त्या करवंटीच्या छताला आठ दिवसांचा संसार चिकटलेला होता हो. ड्वार्फ पाइक सिक्लिड, रेगानी. बोटाएवढा मासा, तोंड मात्र मगरीचं. मादी करवंटीच्या आतल्या छताला अंडी लावते, प्रत्येक अंडं बारीकशा देठाला लोंबकळतं, पांढऱ्या मण्यांचं झुंबर टांगल्यासारखं. आत मादी पंख हलवत उभी, बाहेर नर राखणीला. चौथ्या दिवशी अंडी फुटली. आठव्या दिवशी, म्हणजे याच रविवारी, पिल्लं अजून चिकटूनच वळवळत होती. एक-दोन दिवसांत पोहायला लागली असती. एक-दोन दिवस!

टॉर्च पडल्याबरोबर नर उडाला आणि झाकणावर आपटला. ठप्प. मादी आत गरगर फिरली आणि तिने पिल्लं तोंडात घ्यायला सुरुवात केली. मला वेड्याला वाटलं, हलवतेय. धोका दिसला की हे मासे पिल्लं तोंडातून दुसरीकडे नेतात, वाचलंय, पाहिलंयही. मी आपला उष्ट्या हाताने काचेपुढे बसून, कुठे नेतेय, कुठे ठेवतेय. कुठेच ठेवली नाहीत. सकाळी करवंटी आतून भांडीवालीने घासल्यासारखी लख्ख, आणि बाईसाहेब पोट फुगवून दगडावर.

आणि यावर दाजी काय म्हणाले? 'अहो, होतील की परत. मासेच तर आहेत.'

होतील की परत! दाजी, तुमच्या द्राक्षबागेवर गारपीट झाली तेव्हा मी म्हणालो होतो का, की लागतील की परत, द्राक्षंच तर आहेत? तीन दिवस सुतकात बसल्यासारखा तुमच्याबरोबर बसलो होतो मी. पण बोलणार कसा? जावई माणूस. मी नुसतं 'दाजी, टॉर्च...' एवढंच म्हणालो तर आई स्वयंपाकघरातून, 'माशापायी जावयाला बोलतोस?' मासा नाही आई, साठेक पिल्लं. साठ नातवंडं म्हण हवं तर.

वर कहर म्हणजे त्याच संध्याकाळी आर्टेमिया लावला होता, पिल्लांना खायला घालायचे कोळंबीच्या जातीचे बारीक जीव. कोल्ड्रिंकची बाटली उलटी, मिठाचं पाणी, एअर पंपची नळी. तो डबा इतका भंगार निघालाय की चमचाभर अंडी टाकावीत तर चिमूटभर फुटतात. पण या वेळी? दुसऱ्या दिवशी बाटली नुसती केशरी झाली होती. खाणारं कोणी उरलं नाही तेव्हाच. सगळं गप्पींना घातलं. गप्पींची दिवाळी. त्यांना कोणी टॉर्च मारत नाही, त्या ट्यूबलाइटखालीसुद्धा पिल्लं घालतात, निर्लज्ज.

'परत' म्हणजे काय ते सांगतो. सात महिने. आधी त्या दुकानदाराने 'पेअर है सर, लिख के देता हूँ' करून दोन नर गळ्यात मारले. मादीच्या पाठीच्या पराला पांढऱ्या कडेचे, डोळ्यांसारखे काळे ठिपके असतात रे बाबा, एवढं मोठं प्रमाणपत्र निसर्गाने छापून दिलंय, तुझं लिखके कशाला? तक्रार केली तर म्हणे, अजून लहान आहेत, मोठे झाले की उमटतील. उमटले नाहीत. एकाने दुसऱ्याला असा धुतला की तो झाकणाच्या फटीतून निघाला आणि चार दिवसांनी सोफ्याखाली सापडला. सुकट. मग मादी आणली, ती दीड महिना दगडामागून बाहेर आली नाही.

पाण्याचं तर बोलायलाच नको. तिकडे मुंबईकरांच्या नळाला तानसा-भातसाचं मऊसूत पाणी आणि ते त्यात गोल्डफिश पाळतात. आम्ही घोडबंदरला टँकरवर. पाण्यातले क्षार मोजायचा मीटर बुडवला की 640. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा, त्याला मऊ, आंबट, चहासारखं पाणी लागतं. म्हणून मी दर आठवड्याला आरओच्या बारीक धारेखाली बादल्या लावून बसतो, त्यात देशी बदामाची वाळकी पानं. ती पानं खाली पार्किंगमधून मीच वेचतो. वॉचमन परवा विचारत होता, 'साहेब, शेळी घेतली का?'

आणि घरी येणारे एकजात तज्ज्ञ. 'मरळीचं पिल्लू आहे का?' 'खातात का हे?' 'वास्तूसाठी ठेवलेत होय? मग फ्लॉवरहॉर्न ठेवा, पैसा येतो.' पैसा येतो! माझा जातोय तो कुठे जातोय ते तरी सांगा.

हे सगळं मी सोमवारी रात्री बायकोला ऐकवत होतो, आवाज चढवून. तिने कपड्यांची घडी घालता घालता विचारलं, 'रोज रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन त्या करवंटीत कोण वाकतं?'

मी म्हणालो, माझ्या बॅटरीला लाल जिलेटिन लावलेलं आहे.

'बरं. मग आधीच्या दोन खेपांची अंडी कोणी खाल्ली? तेव्हा दाजी साताऱ्यात होते.'

यावर मी पाणी बदलायला गेलो. पाणी कालच बदललं होतं.

खरं सांगायचं तर पहिल्या खेपेला मी आरसा घातला होता आत. डेंटिस्टचा असतो तसला. अंडी मोजायला. दुसऱ्या खेपेचं बोलत नाही.

पण म्हणून दाजी सुटत नाहीत हां. माझं बघणं ते अभ्यासू बघणं. या कुळीतल्याच एका छोट्या पाइकला वॉलेसचं नाव दिलंय, तो डार्विनच्या बरोबरीचा निसर्गशास्त्रज्ञ. रिओ निग्रोवरची कमाई घेऊन निघाला आणि 1852 साली भर समुद्रात जहाज पेटलं. नमुने खलास. पत्र्याच्या डब्यातली थोडी चित्रं वाचली, त्यात माशांची होती. त्याला कोणी 'होतील की परत' म्हणालं असेल का? म्हणालं असेल. प्रत्येकाच्या घरात एक दाजी असतोच.

काल दाजींनी ते फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले. 'मेहुण्याचे मासे', पुढे तीन हसऱ्या बाहुल्या. सगळ्यांचे अंगठे. मावशीने तर हात जोडले, का ते तिलाच माहीत.

त्यातला दुसरा फोटो उघडला तर काय सांगू. करवंटीचं खरबरीत छत, त्यावर वळवळणाऱ्या शेपट्या, खाली मादी, पोट लालभडक, पाठीचा पर पूर्ण उभा, काळा डोळा अगदी मध्यावर. एकूण एक खवला मोजून घ्या. मी सात महिने कॅमेरा, स्टँड, लाइटिंग करून एक धड फोटो काढू शकलो नाही आणि या माणसाने मटणाच्या उष्ट्या हाताने काढला. पण ग्रुपवर आलेला म्हणजे पार दाबलेला, मोठा केला की फुटतो.

म्हणून रात्री मेसेज टाकलाय. 'दाजी, तो दुसरा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवाल का?' निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही. ताई म्हणतेय, रुसलेत.