तुडतुडे आले तेव्हा कोळी कुठे होते?

नमस्कार दादा,

मेरीवरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, फुलं आणि भातातले कोळी किडींना आवर घालतात असं मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे. ‘मेरीवर रान वाढवलं की उंदीर आणि कीडच पोसली जाते. गेल्या सरदात (पावसाळी हंगामात) तुडतुड्यांनी रस शोषून माझं भात जाळलं, तेव्हा तुमचे कोळी कुठे होते?’

उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात ‘खबरदारी म्हणून’ औषध मारल्याचं तुम्ही लिहिलंय. कोळी तिथेच गेले, असं माझं मत. त्या दिवसांत तुडतुडे फारसे नसतात. कुजक्या काडीकचऱ्यावर वाढणाऱ्या बारीक माश्या-चिलटांवर कोळ्यांचं पोट भरतं. फवाऱ्याने दोघंही संपतात. तपकिरी तुडतुड्याची मादी मात्र अंडी पानाच्या आवरणात खुपसते, तिथे औषध पोचत नाही. आठवड्याभराने पिल्लं निघतात तेव्हा त्यांना खाणारं कोणी उरलेलं नसतं. ती अंडी शोषणारा हिरवट मिरीड ढेकूणही त्याच फवाऱ्यात गेलेला. इंडोनेशियाने याची मोठी किंमत मोजली आणि १९८६ साली भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली.

फवारा न मारलेल्या शेतात भाताचा एखादा चूड, म्हणजे एका जागचा रोपांचा झुपका, बाजूला सारून बुंध्याशी बघा. लांडगा कोळी जाळं विणत बसत नाही, पाण्यावरून धावत येऊन झडप घालतो. मादी तर अंड्यांची गोल पिशवी मागे चिकटवून फिरते.

उंदरांचं म्हणाल तर मान्य. दाण्यातला रस शोषणाऱ्या ढेकण्याही आधी मेरीवरच्या गवतावर पोसतात आणि दाण्यात दूध भरायला लागलं की लोंबीवर येतात. म्हणून भात निसवण्याआधी, म्हणजे लोंब्या येण्याआधी, गवत कापाच. रुंद पानांची फुलझाडं तेवढी ठेवा. व्हिएतनाम-थायलंडकडे बांधावर तीळ लावतात, पण आपल्या सरदाच्या पावसात मी तो आग्रह धरणार नाही. वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या भाताच्या) मेरीवर अळसांदे, म्हणजे चवळी, लावा. त्यावरचा काळा मावा भाताला लागत नाही, पण मावा खाणाऱ्या ढालकिड्यांची त्यावर गुजराण होते. शिवाय अळसांदे घरात येतात ते वेगळेच.

यंदा निदान एका कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) लावणीनंतर ४० दिवस औषध टाळून बघा. तुडतुडे चुडामागे ५ ते १०च्या वर गेले तर पाणी काढा, युरिया थांबवा. तरीही वाढले तर मारा औषध, मी अडवणार नाही. फक्त शेंड्यावर नको, बुंध्याशी मारा.