आठ दिवस कंपनीत उभा राहिलो तेव्हा कळलं

मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा निदेशक आहे. सरकारी कागदावर या ट्रेडचं नाव ‘संधाता’, पण पोरांपासून कंपनीवाल्यांपर्यंत सगळे वेल्डरच म्हणतात.

मागच्या वर्षी एका कारखान्यातून फोन आला. आमच्याकडून पास होऊन गेलेल्या पोराचे सोळा ब्रॅकेट रिजेक्ट झाले होते. मी बघायला गेलो. वेल्ड दिसायला सुरेख होतं. लहरी एकसारख्या, कुठे अंडरकट (कडेला पडणारी खाच) नाही, ब्लोहोल (वायूचं भोक) नाही. पण ड्रॉइंगवर फिलेटच्या, म्हणजे दोन पत्र्यांच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणी वेल्डच्या, खुणेपाशी ‘ए ५’ लिहिलं होतं आणि पोराने लेग, म्हणजे त्या त्रिकोणाची पत्र्याला लागून असलेली बाजू, ५ मिलिमीटरचा ठेवला होता. ‘ए’ म्हणजे थ्रोट, कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतची जाडी. थ्रोट ५ हवा तर लेग ७ मिलिमीटरचा लागतो. त्याचा थ्रोट जेमतेम साडेतीन भरला. त्याच जागी ‘झेड ५’, म्हणजे लेग ५, असतं तर सोळाच्या सोळा ब्रॅकेट पास झाले असते.

बोलणी पोराने खाल्ली, पण चूक माझी होती. हा फरक मी त्याला कधी शिकवलाच नव्हता. मी स्वतः ज्या वर्कशॉपमध्ये शिकलो तिथे मिस्त्री खडूने लेग लिहून द्यायचा आणि आम्ही रॉड चालवायचो. तेच मी वर्षानुवर्षं पुढे देत आलो.

त्या दिवाळीत सुट्टी घेऊन मी त्याच कारखान्यात आठ दिवस लाईनवर उभा राहिलो. ७०१८ या कमी हायड्रोजनवाल्या जातीचे वेल्डिंग रॉड आमच्याकडे उघड्या पाकिटात पडून असायचे. तिथे ते ओव्हनमध्ये भाजून गरमच ठेवतात, कारण रॉडवरच्या ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि जॉब थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, तडा जातो. पुस्तकात हे वाचलेलं होतं. पण डोळ्यासमोर तडा गेलेला जॉब कापून बाजूला टाकताना बघितला तेव्हा कुठे ते मला पोरांना पोटतिडकीने सांगता येऊ लागलं.

निदेशक व्हायला सीआयटीएसचं (निदेशकांसाठीच्या सरकारी प्रशिक्षण योजनेचं) वर्षभराचं प्रशिक्षण आहे, त्यात शिकवायचं कसं तेही शिकवतात. ते हवंच. कारण ज्याचा हात बसलेला आहे त्याला शिकवता येतंच असं नाही. पोराचा रॉड चिकटतो तेव्हा ‘नीट धर’ म्हणून काही होत नाही. करंट कमी आहे का, आर्क फार जवळ धरलाय का, की पोरगा घाबरून मनगट आवळतोय, हे त्याच्या शेजारी वाकून बघावं लागतं. आवाज ऐकायला शिकवावं लागतं. आर्क बरोबर असेल तर कढईत भजी तळल्यासारखा सलग आवाज येतो. हे एकदा सांगितलं की पोरं वेल्डिंगच्या काळ्या काचेच्या स्क्रीनआड डोळ्यांइतकाच कानांवर भरवसा ठेवू लागतात.

पण निदेशक एकदा नोकरीला लागला की त्याने पुन्हा कारखान्याची पायरी चढावी, अशी सोय कुठे दिसते? दर तीन वर्षांनी महिनाभर, पगार चालू ठेवून, त्याला शॉपफ्लोअरवर पाठवलं पाहिजे. तासिका तत्त्वावरच्या आमच्या सहकाऱ्यांना तर सुट्टी घेणं म्हणजे त्या दिवसांचे पैसे जाणं. त्यांच्याकडून पदरमोडीची अपेक्षा कशी करायची?

कंपनीत जायचं ते फक्त शिकायला नाही. ॲप्रेंटिस म्हणून गेलेला आपला पोरगा तिथे काय करतोय हे बघायलाही जायचं. सहा महिने खोकी उचलणारा पोरगा मी पाहिलाय. मालकाला दुखावलं तर पुढच्या वर्षी भरतीला येणार नाही, या भीतीने आपण गप्प बसतो. १९६१ चा ॲप्रेंटिस कायदा पोरांना काम शिकता यावं म्हणून आहे. मालकासमोर बसून, आवाज न चढवता, ‘याला वेल्डिंगला लावा, कुठे कमी पडला तर मला बोलवा’ हे सांगता येणं हेही निदेशकाला आलं पाहिजे. मला ते यायला फार वर्षं लागली. त्या पोराला शेवटचे पाच महिने मिग मशीन (रॉडऐवजी सलग तारेने वेल्डिंग करणारं) मिळालं, आज तो तिथेच कामाला आहे.

माझ्या मित्रयादीतल्या कुणाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असेल तर या दिवाळीत आम्हा दोघा निदेशकांना आठ दिवस उभं राहू द्या. पैसे नकोत. स्क्रीन, ग्लोव्ह्ज, सेफ्टी शूज आमचे आम्ही आणू. कमेंटमध्ये सांगा, मी फोन करतो.