नाचून का कुणाचं आयुष्य घडतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

टँगोवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सहीच्या जागी नुसतं ‘एक जुना वाचक’ लिहिलंय. काका म्हणू की दादा ते कळेना, म्हणून ‘तुम्ही’वरच भागवते. प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि मन लावून लिहिलेली आहे. ‘धन्यवाद, वाचत राहा’ म्हणून सुटका करून घेणं बरं दिसलं नसतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तुमचं म्हणणं असं, की ‘टँगो माणसांची आयुष्यं घडवतो’ ही पोट भरलेल्यांची भाषा आहे. आयुष्य घडतं ते पैशाने, शिक्षणाने आणि जन्म कुठल्या घरात झाला त्याने. त्यात हा नाच वेश्यावस्तीतला. पुरुषाने ओढायचं आणि बाईने मागे मागे जायचं. लावणीला नाकं मुरडणारे लोक हीच गोष्ट सातासमुद्रापलीकडून आली की ‘कला’ म्हणून डोक्यावर घेतात. आणि जाता जाता चिमटा : ‘ऐकायला कुठून सुरुवात करू ते सांगा, म्हणजे वेळ फुकट गेला तर कुणाला धरायचं ते ठरलेलं असेल.’

पैशाचा मुद्दा तुम्ही काढलात तर पैशापासूनच सुरू करू. ओस्वाल्दो पुग्लिएसे हा अर्जेंटिनाच्या राजधानीचा, ब्युनोस आयर्सचा टँगो-पियानोवादक, जन्म 1905. 1939 मध्ये त्याने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि तो सहकारी तत्त्वावर चालवला. म्हणजे वादकांना पगार नाही. कार्यक्रमाची मिळकत गुणांवर वाटायची. कोण किती वर्षं आहे, कोणी नव्या रचना दिल्या, कोणी वाद्यमेळ बांधून दिला यावर गुण. ज्याच्या नावावर तिकिटं खपायची तो पुग्लिएसेही त्याच हिशेबात. तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता आणि ते लपवत नव्हता, त्यामुळे रेडिओवर बंदी आणि अधूनमधून तुरुंग हे ठरलेलंच. तो आत असला की बाकीचे वादक त्याच्या पियानोवर लाल कार्नेशनचं फूल ठेवायचे आणि त्याच्याशिवाय कार्यक्रम करायचे. मालक आत गेला म्हणून धंदा बसला असं झालं नाही, कारण मालक असा कोणी नव्हताच. या वाद्यवृंदात माणसं वर्षानुवर्षं टिकली, घरं चालली, पोरं शिकली. पोटापाण्याने आयुष्य घडतं हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. मी एवढंच म्हणतेय की त्या शहरात पोटापाण्याची एक रीत टँगोने घालून दिली होती.

‘पोट भरलेल्यांची हौस’ यावर मात्र माझा जोरदार आक्षेप. 1914 च्या जनगणनेत ब्युनोस आयर्समधल्या साधारण निम्म्या लोकांचा जन्म परदेशातला होता. इटलीतून, स्पेनमधून बोटीने आलेले, त्यात एकट्या पुरुषांचा भरणा. राहायचं कोन्वेन्तियोत, म्हणजे एका खोलीत एक कुटुंब आणि मधलं अंगण सगळ्यांचं. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा ढोलांवरचा कांदोम्बे, क्यूबाहून आलेली हाबानेराची लय, खेड्यांकडची मिलोंगा गाणी हे सगळं तिथे एकमेकांत मिसळलं. नदीच्या पलीकडे उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओतही तेच चाललं होतं. वेश्यावस्तीत टँगो होता, नाही कोण म्हणतं! पण तो अंगणातही होता आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरही होता. वेश्यावस्तीची गोष्ट चटपटीत, म्हणून तीच जास्त सांगितली जाते, एवढंच.

लावणीचा टोला खरा लागायला हवा तो अर्जेंटिनातल्या बड्या घरांना. त्यांनाही हा नाच दाराबाहेरच हवा होता. 1913 च्या सुमारास पॅरिसमध्ये टँगोचं वेड पसरलं, तेव्हा कुठे त्यांच्या दिवाणखान्यात त्याला मान मिळाला. परदेशाने वाखाणल्याशिवाय घरचं सोनं दिसत नाही हा रोग काही एकट्या मराठी माणसाचा नाही. लावणीवर मी लिहीत नाही, कारण मला ती प्रेक्षक म्हणूनच माहीत आहे. ज्यांनी फडावर आयुष्य काढलं त्यांच्याबद्दल तेवढ्या भांडवलावर लिहिणं मला शोभणार नाही.

आता वाजवणाऱ्यांबद्दल, कारण तुमच्या प्रतिक्रियेत ते कुठेच नाहीत आणि माझ्या मते खरा ऐवज तिथेच आहे.

टँगोचं मुख्य वाद्य बांदोनेऑन. आपल्या पेटीसारखंच पत्त्या आणि भात्याचं, पण मांडीवर घ्यायचं आणि दोन्ही हातांनी ताणायचं. उजव्या बाजूला 38 बटणं, डाव्या बाजूला 33. गोम अशी, की भाता उघडताना एका बटणातून जो स्वर निघतो तो मिटताना निघत नाही; तिथे बहुधा दुसराच निघतो. बटणांची मांडणीही चढत्या क्रमाने नाही. म्हणजे एकच चाल उघडताना एक आणि मिटताना दुसरी, शिवाय डाव्या हाताची वेगळी, अशी बोटांत बसवायची. हे वाद्य मूळ जर्मनीतलं. टँगोवाल्यांनी ज्यावर जीव टाकला ते आल्फ्रेड आर्नोल्डच्या कारखान्यातलं, सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्ड गावचं, दोन ‘ए’ची खूण असलेलं. युद्धानंतर कारखाना पूर्व जर्मनीच्या सरकारने ताब्यात घेतला आणि पुढे तिथे बांदोनेऑन बनणं बंद पडलं. त्यामुळे जुन्या वाद्यांना इतकी किंमत आली, की ती देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून 2009 मध्ये अर्जेंटिनाने कायदा केला.

आनिबाल त्रोइलोच्या आईने त्याला दहाव्या वर्षी हे वाद्य हप्त्यांवर घेऊन दिलं. चौदा हप्ते ठरले होते. चार भरले, दुकानदार वारला, आणि उरलेले मागायला कुणी आलंच नाही असं सांगतात. वडील आधीच गेलेले. त्याच वाद्यावर तो पोरगा पुढे शहरातला सर्वांत लाडका वादक झाला. त्याचा वाढदिवस 11 जुलै, तो आज अर्जेंटिनात बांदोनेऑन दिन म्हणून पाळतात. पुढे जुन्या टँगोची घडी मोडून नवा टँगो रचणारा आस्तोर पियाझोला 1939 मध्ये, अठराव्या वर्षी, त्याच्याच वाद्यवृंदात लागला. जग आज पियाझोलाला जास्त ओळखतं, पण गल्लीतल्या माणसाला विचारलंत तर तो त्रोइलोचं नाव घेतल्याशिवाय राहायचा नाही.

आणि बायका? पाकिता बेर्नार्दो, जन्म 1900. पाय फाकवून मांडीवर घ्यायचं हे वाद्य भल्या घरच्या मुलीने वाजवावं हे त्या काळी कुणाला पचणार! घरच्यांचा विरोध मोडून तिने वाजवलं. 1921 मध्ये कोरिएन्तेस रस्त्यावरच्या एका बारमध्ये ती स्वतःचा सहा जणांचा संच घेऊन बसायची. पियानोवर कोण, तर मिसरूडही न फुटलेला पुग्लिएसे. बाहेर इतकी गर्दी, की वाहतूक अडायची म्हणतात. तिने रचलेले टँगो कार्लोस गार्देलने, टँगोच्या सर्वांत नावाजलेल्या गायकाने, गायले. 1925 मध्ये, पंचविशी गाठायच्या आत ती गेली. तिच्या वादनाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. टँगोने तिचं आयुष्य ‘छान’ केलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण तो तिच्या आयुष्यातून काढला तर मागे काय उरतं ते तुम्हीच सांगा.

बरं, वाजवणं एका पिढीकडून दुसरीकडे जातं कसं? 1955 नंतर मोठे वाद्यवृंद मोडत गेले. रॉक आलं, पोरांनी टँगोकडे पाठ फिरवली. साठीचे-सत्तरीचे वादक आणि विशीची मुलं, मधली पिढी विरळ. 2000 मध्ये इग्नासियो वार्चाउस्की या तरुण कंत्राबासवादकाने (कंत्राबास म्हणजे उभं राहून वाजवायचं, खर्जातलं मोठं व्हायोलिन) एक शाळा-वाद्यवृंद सुरू केला आणि शिकवायला एमिलिओ बाल्कार्सेला आणलं. बाल्कार्से ऐंशीच्या पुढचा, पुग्लिएसेकडे दोन दशकं व्हायोलिन वाजवलेला. घाई याची होती, की टँगोतलं निम्मं कागदावर नसतंच. उदाहरणार्थ ‘आरास्त्रे’. कागदावर स्वर मात्रेवर लिहिलेला असतो, पण कंत्राबास आणि पियानोचा डावा हात तो मात्रेच्या किंचित आधी पकडतात आणि फरफटत मात्रेवर आणून आदळतात. किती आधी पकडायचा, किती जोराने आदळायचा हे लिहिता येत नाही. शेजारी बसून कानाने आणि खांद्याने घ्यावं लागतं. नोटेशन वाचून ख्याल येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या शाळेतून निघालेली मुलं आज निरनिराळ्या वाद्यवृंदांत वाजवतात.

‘पुरुष ओढतो, बाई मागे जाते.’ हे वाक्य तुम्ही स्टेजवरचा टँगो बघून लिहिलंय हे उघड आहे. लाल झगा, तोंडात गुलाब, पायांची कात्री. तो तिकिटांसाठीचा टँगो. मिलोंगात, म्हणजे नाचायला जमतात तिथे, गोष्ट वेगळी. जुन्या ब्युनोस आयर्समध्ये तरुण पोरं आधी आपापसांत सराव करायची आणि त्यात नवख्याने सुरुवात मागे चालण्यापासून करायची, म्हणजे बाईची बाजू आधी शिकायची. ती अंगात मुरल्यावर पुढे नेण्याची पाळी, आणि मग मिलोंगात पाय टाकायची परवानगी. ज्याला समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते कळत नाही, तो कुणाला नेणार? मी बर्लिनमध्ये राहते, इथे मी दोन्ही बाजू शिकतेय, आणि तुम्हाला खात्रीने सांगते की हाताने ओढलं तर काहीच होत नाही. समोरची व्यक्ती लाकडासारखी ताठ होते. नेणाऱ्याच्या छातीचा रोख जरासा वळतो, श्वास थांबतो, पाय पायाजवळ येऊन थबकतो. पुढचं पाऊल कधी पुरं करायचं ते मागे चालणाराच ठरवतो.

नाचायचं विचारण्याची रीतही बघा. दूरवरून नजर भिडवायची. समोरून नजर टिकली तर मानेने खूण करायची. नको असेल त्याने दुसरीकडे बघायचं, विषय संपला. नकार ऐकावा लागत नाही आणि द्यावाही लागत नाही. होकार मिळाला तर तीन-चार गाण्यांचा एक ‘तांदा’ बरोबर नाचायचा, मग मधलं भलतंच संगीत वाजतं आणि सगळे जागेवर. बाईला नजरेने ‘नाही’ म्हणता येण्याची सोय करून ठेवलेली सार्वजनिक जागा मला फारशा ठिकाणी भेटलेली नाही. म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं नव्हे. ब्युनोस आयर्सच्या बायकांनी गेल्या काही वर्षांत मिलोंगातल्या लगटीविरुद्ध नियम लिहून लावायला लावले ते उगाच नाही. दोन बायका किंवा दोन पुरुष मिळून नाचतात अशा मिलोंगाही या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे आहेत.

टँगो माणसाला सुखी करतो असा माझा दावा असल्यासारखं तुम्ही उत्तर दिलंय. मी ‘घडवतो’ म्हटलं होतं. घडवण्यात ठोकणंही येतं. मारिया निएवेस घ्या. गरिबाघरची पोर, लहानपणी केरसुणी धरून नाचायची. हुआन कार्लोस कोपेसबरोबर ती जवळजवळ पन्नास वर्षं नाचली. प्रेम झालं, लग्न झालं, मोडलं, त्याने दुसरा संसार मांडला, आणि तरी रोज रात्री त्याच्याच मिठीत उभं राहायचं, कारण जगाला तीच जोडी हवी होती. 1985 मध्ये ब्रॉडवेवर त्यांना टाळ्या पडत होत्या तेव्हा दोघांत बोलणं नव्हतं. हे वाचून कुणी मुलीला टँगोच्या क्लासला घालावं असं मी म्हणत नाही. पण यात टँगोने काहीच घडवलं नाही असंही म्हणता येत नाही.

टँगो तब्येतीलाही बरा, असं मी लेखात म्हटलं होतं; त्यावर तुम्ही ‘व्हॉट्सअ‍ॅपछाप’ असा शेरा मारलाय, तो आटोपशीर निकाली काढते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गॅमन अर्हार्ट यांच्या गटाने पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांना टँगो शिकवून पाहिला. 2012 मधल्या अभ्यासात वर्षभर आठवड्याला दोन वर्ग होते. न नाचणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत हालचाल आणि तोल यांत फरक दिसला. कारण समजण्यासारखं आहे : मागे चालणं, थांबून पुन्हा सुरू करणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं यातच त्यांचं घोडं अडतं, आणि टँगो म्हणजे सगळं तेच, तालाच्या आधाराने. गट लहान होते. आजार बरा होतो असं कुणीही म्हटलेलं नाही, मीही नाही.

आता तुमची शेवटची मागणी. पियाझोलापासून सुरुवात करू नका. तो ज्यांच्याशी भांडत होता ते आधी ऐका. 1935 ते 38 मधला हुआन दारिएन्सोचा वाद्यवृंद, पियानोवर रोदोल्फो बियाजी असतानाचा. पाय आपोआप हलेल. मग कार्लोस दि सार्ली, त्याचा पियानोचा डावा हात नीट ऐका. मग त्रोइलोचं 1941 सालचं, गायक फ्रान्सिस्को फिओरेन्तीनो. हे तीन पचले की पुग्लिएसे, आणि त्याच्यासाठी एक रात्र वेगळी काढा. त्याच्या कार्यक्रमांत लोक वर्षानुवर्षं ‘कोलोनला! कोलोनला!’ म्हणून ओरडायचे, म्हणजे याला शहरातल्या त्या भारदस्त ऑपेरागृहात बसवा. 26 डिसेंबर 1985 ला तो खरोखरच तिथे वाजवायला बसला, वय ऐंशी. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण मिळतं. आवडलं नाही तर मला धरायला मोकळे आहात, पण निदान दोनदा ऐका आणि मगच शिव्या घाला. आणि हो, पुढच्या वेळी नाव लिहा.