‘दीड हजार घेतले आणि नुसते कागद मागितले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

आमच्या वकिली कार्यालयाबद्दलचा तुमचा अभिप्राय नीट वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: पहिल्याच भेटीचे १,५०० रुपये घेतले, मोबाइलवर साठेखताचे (खरेदीखताआधी होणाऱ्या विक्रीच्या कराराचे) फोटो दाखवले तरी ‘कागद घेऊन या’ एवढंच सांगितलं, केस जिंकू की नाही ते सांगितलं नाही, सोबत आलेल्या एजंटला बाहेर बसवलं, त्याच दिवशी नोटीस काढली नाही, आणि निकालानंतर टक्केवारीत फी घ्यायला नकार दिला. ग्राहक आयोगात जाणार असंही तुम्ही लिहिलं आहे.

भेटीत तुम्ही सांगितलेलं काहीही आम्ही इथे लिहिणार नाही. सल्ल्यासाठी सांगितलेली गोष्ट पक्षकाराच्या संमतीशिवाय उघड करायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने वकिलाला मनाई आहे आणि काम संपल्यावरही ती मनाई उठत नाही. साठेखताचा उल्लेख तुम्ही स्वतःच जाहीर केला आहे, म्हणून खालचं उत्तर साठेखतावरून होणाऱ्या दाव्यांना धरून, पण सर्वसाधारण आहे. कोणत्याही वकिलाकडे पहिल्यांदा जाणाऱ्याला ते उपयोगी पडावं एवढी इच्छा आहे.

आधी ‘जिंकू की नाही’. साठेखताप्रमाणे खरेदीखत करून मिळावं या दाव्यात सर्वात आधी तारीख पाहावी लागते. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ५४ नुसार तीन वर्षं मिळतात. खरेदीखतासाठी तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. अपिलाला झालेला उशीर कलम ५ खाली माफ होऊ शकतो, दाव्याला ते कलम लागूच होत नाही. त्यामुळे ‘सहा महिन्यांत खरेदीखत करून देईन’ हे वाक्य साठेखतात आहे की नाही, आणि नंतर मुदतवाढ लेखी दिली की फक्त तोंडी, यावर सगळा दावा उभा राहतो किंवा आडवा होतो. फोटो काढताना लोक बहुतेक पहिलं आणि शेवटचं पान काढतात. हे वाक्य मधल्या पानावर असतं. मुदतवाढ किंवा पुढचा हप्ता मिळाल्याची नोंद तर पुष्कळदा शेवटच्या पानाच्या पाठीमागे पेनाने केलेली असते.

दुसरी अडचण मुद्रांकाची. नोटरीपुढे केलेल्या, किरकोळ रकमेच्या स्टॅम्पवरच्या साठेखतात ‘आजरोजी ताबा दिला’ असं एक वाक्य असलं, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणाने त्या साठेखताला खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागू शकतं. ते भरलेलं नसेल तर कोर्ट दस्त अटकावून ठेवतं, आणि तूट व दंड भरेपर्यंत तो पुराव्यात वाचला जात नाही. ही रक्कम कधी कधी वकिलाच्या सगळ्या फीपेक्षा मोठी निघते. ती आधी न सांगता ‘केस मजबूत आहे’ म्हणणं ही पक्षकाराची फसवणूक ठरेल. दस्त नोंदणीकृत नसणं हे वेगळं. नोंदणी कायद्याच्या कलम ४९ च्या परंतुकामुळे असं साठेखत या प्रकारच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतं, मात्र २००१ पासून त्याच्या आधारे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ खाली ताब्याचं संरक्षण मागता येत नाही.

सातबाऱ्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. सातबारा हा मालकीचा दस्त नव्हे. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, बस एवढंच. म्हणून त्याच्यासोबत आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), सातबाऱ्यावर ज्यांचे क्रमांक आहेत ते फेरफार (नोंद कशी बदलली ते सांगणाऱ्या नोंदी), आणि दुय्यम निबंधकांकडची सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, ‘इंडेक्स टू’) लागते. ‘इतर हक्क’ हा रकाना मोबाइलच्या फोटोत हमखास पुसट येतो, आणि वाचायचा असतो नेमका तोच. कुळाची नोंद, बँकेचा बोजा, बहिणींची नावं तिथे दिसतात. जमीन भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या अटींवर धारण केलेली) असेल तर हस्तांतराला परवानगी लागते. शेतजमीन असेल आणि घेणारा शेतकरी नसेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. हे न पाहता दिलेलं मत हवेतलं असतं.

यानंतर पैशांची बाजू. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १६(क) प्रमाणे आपण कराराची आपली बाजू पुरी करायला सुरुवातीपासून तयार होतो आणि तशी इच्छा होती, हे खरेदी घेणाऱ्याला सिद्ध करावं लागतं. ‘पैसे होते’ म्हणून भागत नाही. त्या काळातला बँकेचा उतारा, गृहकर्जाचं मंजुरीपत्र, मोडलेल्या ठेवीची पावती, ‘खरेदीखताला या’ असं कळवलेला संदेश, यातलं काहीतरी हवं. इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) रोख दिला असेल तर वकिलापासून तो लपवू नका. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचं दाव्यात म्हटलं असेल तर कोर्टाने आयकर खात्याला कळवावं असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला आहे. हे दावा लिहिण्याआधी कळलं तर मार्ग आखता येतो. उलटतपासणीत कळलं तर फार उशीर झालेला असतो.

एजंटला बाहेर बसवण्यात त्यांचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. व्यवहार ज्याच्यासमोर झाला, ज्याची साठेखतावर साक्षीदार म्हणून सही असू शकते, तो पुढे साक्षीला उभा राहणारा माणूस. वकील आणि पक्षकार यांच्यातलं बोलणं त्याने ऐकलं, तर विरुद्ध बाजूचा वकील त्याला तेच विचारतो: ‘काय बोलायचं ते तिथे ठरलं ना?’ चांगला साक्षीदार अशाने हकनाक वाया जातो. भेटीला ज्याच्या नावाने दस्त आहे त्यानेच यावं आणि समोरच्या सगळ्यांची पूर्ण नावं आधी फोनवर कळवावीत. आमच्याकडे त्यांच्यापैकी कुणी पूर्वी याच विषयात सल्ला घेऊन गेलेलं असेल, तर आम्हाला तुमचं काम घेता येत नाही.

नोटीस त्याच दिवशी का नाही? नोटिशीत लिहिलेली प्रत्येक तारीख आणि रक्कम पुढे तुमच्यावर बंधनकारक होते. पाच लाख दिले असताना साडेचार लिहिले, किंवा नकार मार्चमध्ये मिळाला असताना जानेवारी लिहिलं, की समोरच्याच्या कैफियतीला (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराला) आयता मुद्दा मिळतो. शिवाय नोटिशीने मुदत थांबत नाही. नोटीस पाठवून उत्तराची वाट पाहत बसलेल्या लोकांचे दावे मुदतीबाहेर गेले आहेत. ‘मग निदान मनाईचा दावा तरी लगेच टाका’ (म्हणजे समोरच्याने मालमत्ता दुसऱ्याला विकू नये असा हुकूम मागा) असं पुष्कळ जण म्हणतात. त्यातही धोका आहे. खरेदीखत मागण्याचं कारण उद्भवलेलं असताना कोर्टाच्या परवानगीशिवाय ती मागणी गाळून नुसती मनाई मागितली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २ नियम २ मुळे नंतर खरेदीखताचा दावाच अडू शकतो.

टक्केवारीवर काम घेणं बार कौन्सिलच्या नियम २० ने निषिद्ध आहे. कुणी वकील ते कबूल करत असेल तर तो नियम मोडतो आहे. फी आम्ही टप्प्यांवर लिहून देतो: नोटीस, दावा आणि मनाईचा अर्ज, पुरावा, युक्तिवाद. कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकला, कोर्ट कमिशनर हे त्यापासून वेगळं. या दाव्यात कोर्ट फी इसाराच्या रकमेवर आकारत नाहीत, ठरलेल्या पूर्ण किमतीवर आकारतात. ती शासनाला जाते. कोणत्याही वकिलाला हे लिहून मागा, आणि तारखेला कोण उभं राहणार, स्वतः की ज्युनिअर, हेही विचारा.

१,५०० रुपये पहिल्या भेटीचे आहेत आणि त्याच कागदांच्या दुसऱ्या वाचनाचे वेगळे घेत नाही. पावती दिली जाते. वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला आहे, त्यामुळे त्या वाटेने तुमचा वेळ जाईल. आमचं वर्तन गैर वाटत असेल तर वकील कायद्याच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. तो तुमचा हक्क आहे. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा, १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते.

पुढच्या भेटीला, आमच्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे, साठेखताच्या सर्व पानांच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स न्या. मूळ दस्त दाखवा आणि परत घ्या, ठेवावाच लागला तर पोच घ्या. एका कागदावर तारखेप्रमाणे लिहा: कधी, किती, कसे दिले, कोण हजर होतं. आलेल्या नोटिशीचं पाकीटही ठेवा, कारण शिक्क्यावरची तारीख लागते. आधीचा एखादा दावा असेल तर त्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (कोर्टातल्या प्रत्येक प्रकरणाचा ओळख क्रमांक) द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका, फोन विकू नका. असं बोलणं पुराव्यात देताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात कोणत्या उपकरणातून काय काढलं ते नमूद करावं लागतं. आणि कोर्टाचं समन्स आलेलं असेल तर ते मिळाल्याची तारीख सगळ्यात आधी सांगा. कैफियतीला ३० दिवस असतात, कोर्टाने वाढवले तरी ९० पर्यंत.

साठेखतात खरेदीखताची तारीख लिहिलेली असेल आणि तिला तीन वर्षं पूर्ण होत आली असतील, तर आमच्यावरचा राग बाजूला ठेवून याच आठवड्यात कुठल्या तरी वकिलाकडे कागद पोचवा.