मोठ्यांना शिकवणाऱ्याचा ताण दीर्घ श्वासाने जात नाही

"मोठ्यांना शिकवता? मग बरंय, पोरांसारखा दंगा नाही," असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या वर्गात येऊन बसावं. दंगा परवडला हो. लहान मूल कंटाळलं की बाकावर डोकं टेकवतं. मोठा माणूस कंटाळला की भर वर्गात विचारतो, "याचा मला उपयोग काय?" आणि प्रश्न रास्त असतो, हीच पंचाईत!

एकाच खोलीत रात्रपाळी करून आलेला असतो, शाळा सुटल्यावर थेट आत्ता वही हातात घेतलेली बाई असते, वरिष्ठांनी बळंच पाठवलेला पदवीधर असतो आणि माझ्या प्रत्येक वाक्यात भर घालणारे एक काका असतातच. कुणी वयाने माझ्यापेक्षा मोठं, कुणी हुद्द्याने. दटावता येत नाही, मार्कांचा धाक नाही. तास संपेपर्यंत चेहऱ्यावर समजूतदारपणा धरून ठेवायचा आणि घरी गेल्यावर घरच्यांवर करवादायचं.

यावर उपाय म्हणून आम्हाला काय मिळतं? ताणमुक्तीची कार्यशाळा. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. श्वासाशी माझं भांडण नाही, पण डोळे उघडल्यावर वर्ग तोच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या करताना तो आजार नसल्याचं सांगितलं. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी अवस्था, असं म्हटलं. यातलं 'कामाच्या ठिकाणचा' हे सोयीस्करपणे गाळलं जातं आणि सगळं खापर शिक्षकाच्या मनःस्वास्थ्यावर फुटतं.

क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या अवस्थेची तीन अंगं मांडली आहेत: भावनिक थकवा, समोरच्याकडे माणूस म्हणून बघणं कमी होणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मला दुसरं सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण ते विनोदाच्या वेषात येतं. स्टाफरूममध्ये विद्यार्थ्यांची नावं जाऊन 'ते वकीलसाहेब', 'ती रडूबाई' सुरू झालं की समजावं, पाणी नाकापर्यंत आलंय.

आता वर्गातले 'मला हे सगळं येतंच' म्हणणारे लोक घ्या. असे एक गृहस्थ हाताची घडी घालून बसायचे. लिहायला सांगितलं की पेनाचं टोपण काढायचे, लावायचे, परत काढायचे. मग म्हणायचे, "चष्मा विसरलो." पुढच्या तासालाही चष्मा विसरलेलाच. प्रौढांना वाचायला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, हा न आणलेला चष्मा त्यांच्या ओळखीचा निघेल. तो घमेंडीचा नसतो, भीतीचा असतो. एकदा हे दिसलं की त्या माणसाचा राग येणं बरंचसं थांबतं. सगळेच असे भेदरलेले असतात असंही नाही म्हणा, काही जण खरोखरच आगाऊ असतात.

मला उपयोग झाला तो वर्गाची रचना बदलल्याचा. पहिल्याच तासाला प्रत्येकाकडून, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही अशा बेताने, दोन ओळी लिहून घ्यायच्या: काय येतं, कशासाठी आलात. मग एकच काम तीन पातळ्यांवर द्यायचं. भर घालणाऱ्या काकांना मागच्या गटाला मदत करायला बसवायचं, मात्र त्यांना ते खरंच येतं याची खात्री करून. वाद वाढला तर "तास संपल्यावर बोलू" म्हणायचं आणि तास संपल्यावर खरंच बोलायचं. तसं केलं नाही, तर पुढच्या वेळी त्या वाक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि रात्री आलेल्या मेसेजला उत्तर सकाळी. पहिल्या दिवशीच सांगून टाकलं तर कुणी रुसत नाही.

एवढं करूनही एक गोष्ट माझ्या हातात नाही: पातळी न तपासता दिसेल त्याला एकाच बॅचमध्ये कोंबणं. ते थांबवायचं काम संस्थाचालकांचं. दीर्घ श्वासाची पुढची कार्यशाळा ठरवण्याआधी त्यांनी तेवढं प्रवेशाचं रजिस्टर उघडून बघावं.