‘क्लेम नाकारला की विषय संपला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘गाडीचा अपघात झाला तर काय कराल’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि कंपन्यांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. त्याचा गाभा असा: विमा कंपनीला चोवीस तासांत कळवलं नाही तर क्लेम बुडाला. एफआयआर नसेल तर दमडी मिळत नाही. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासून रिपोर्ट देणारा माणूस, म्हणेल ती पूर्व दिशा. एकदा नाकारलेला क्लेम पुन्हा उघडत नाही, आणि कोर्टात गेलात तर वकिलाची फीच क्लेमपेक्षा जास्त होते. म्हणून मिळेल त्यावर सही करा आणि मोकळे व्हा. कुठे अडलंच तर गॅरेजवाल्याला सांगून तारीख किंवा ड्रायव्हरचं नाव ‘ॲडजस्ट’ करून घ्या.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. क्लेमच्या कटकटीत पोळलेला माणूस असंच लिहितो. पण हा मेसेज वाचून लोक आपल्या हक्काचे पैसे सोडून देतात, आणि काहीजण त्याहून वाईट काही करून बसतात. म्हणून शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो. बाकीच्या गैरसमजांनी फार तर रक्कम घटते, या सल्ल्याने चांगला क्लेम हातचा जातो.

गाडी वडिलांच्या नावावर असते, चालवत असतो मुलगा. धडक बसली की घरचे घाबरतात आणि क्लेम फॉर्मवर ‘अपघातावेळी वाहन कोण चालवत होते’ या रकान्यात वडिलांचं नाव टाकतात. याची काहीही गरज नसते. खासगी गाडीच्या पॉलिसीत ड्रायव्हरसंबंधी जे कलम असतं, ते मालकापुरतं नसतं. मालकाच्या संमतीने गाडी चालवणारा कोणीही चालतो, अट एवढीच की त्याच्याकडे वैध लायसन्स हवं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची गाडी पाथर्डी फाट्याजवळ दुभाजकाला धडकली. मुलगा चालवत होता, लायसन्स पक्कं होतं, तरी फॉर्मवर वडिलांचं नाव गेलं. हॉस्पिटलच्या केसपेपरवर मात्र मुलाने स्वतःच सांगितलं होतं की गाडी मी चालवत होतो. कंपनीच्या इन्व्हेस्टिगेटरने तो केसपेपर मिळवला आणि ‘चुकीची माहिती दिली’ या कारणावरून क्लेम फेटाळला गेला. खरं लिहिलं असतं तर त्या क्लेमला हात लावायला कारणच नव्हतं.

तारखेचंही तेच. पॉलिसी संपून दोन दिवस झालेले असतात, मग नूतनीकरण करून अपघात नंतरचा दाखवायचा, ही युक्ती गॅरेजमध्ये सर्रास सुचवली जाते. पण गाडी घोटीच्या टोलवरून गेलेली असेल तर फास्टॅगच्या नोंदीत तारीख, वेळ, नंबर सगळं असतं. टोइंगवाल्याची पावती असते, मोबाइलमधल्या फोटोंवर वेळ असते. अशी बनवाबनवी उघडी पडली की क्लेम तर जातोच, वर फसवणुकीचा गुन्हा दाखल होण्याची पाळी येते. चालवणाऱ्याकडे खरोखरच लायसन्स नसेल, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जाणार, हे मान्य करावंच लागतं. समोरच्या जखमी माणसाची गोष्ट वेगळी आहे. स्वरणसिंग खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या तत्त्वानुसार, अशा प्रकरणांत मोटार अपघात न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला भरपाई द्यायला लावू शकतं, आणि कंपनी ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करते.

आता चोवीस तासांचा बाऊ. लगेच कळवावं, यात दुमत नाही. उशीर झाला की सर्व्हेअरला खुणा सापडत नाहीत आणि शंका घ्यायला जागा मिळते. पण ‘उशीर झाला म्हणून क्लेम बुडाला’ हे चूक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, २०११ सालीच परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलं की खऱ्या क्लेमला केवळ उशिराचं कारण दाखवून यांत्रिकपणे नकार देऊ नका. २०२० मध्ये गुरशिंदर सिंग खटल्यात प्रश्न चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरचा होता. पोलिसांत तक्रार लगेच केलेली, कंपनीला मात्र महिन्याहून अधिक उशिरा कळवलेलं. सर्वोच्च न्यायालयाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. निफाड-दिंडोरीकडच्या ट्रॅक्टरवाल्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा, आणि त्यातली खरी मेख पोलिसांत तातडीने गेल्याची होती हेही.

एफआयआरचं थोडक्यात सांगतो. चोरी झाली, कोणी जखमी झालं, कोणाचा जीव गेला, समोरच्याचं नुकसान झालं, तर पोलिसांत नोंद लागतेच. कोणी जखमी असेल तर पोलिसांना कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पार्किंगच्या खांबाला बंपर घासला तर साधारणपणे लागत नाही. आणि द्वारका चौकात धक्का लागला की रस्त्यातच ‘चूक माझी, भरून देतो’ असं कागदावर लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, अशी अट पॉलिसीतच असते.

सर्व्हेअरच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त भांडणं इथेच होतात आणि त्यातली निम्मी रिपोर्ट न वाचता होतात. समजा गाडी साडेतीन वर्षांची आहे, झिरो डेप, म्हणजे पार्टच्या वयामुळे होणारी कपात (घसारा) टाळणारं जादा कवच, घेतलेलं नाही. बंपर १०,००० रुपये, बॉनेट १२,०००, पुढची काच ८,०००, मजुरी ६,०००. बिल झालं ३६,०००. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणून बंपरचे ५,०००. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर २५ टक्के, म्हणून बॉनेटचे ९,०००. काचेवर घसारा नाही, मजुरीवर नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायचा वाटा. हातात येतात २७,०००. हे ९,००० कोणी खाल्ले नाहीत. पॉलिसी घेताना ते आपण मान्य केलेले असतात. यावर वाद घालून उपयोग नाही.

वाद घालायचा तो पुढच्या गोष्टींवर. ‘पार्ट बदलायची गरज नाही, ठोकून सरळ होईल.’ ‘ही चेपलेली जागा जुनी आहे.’ ‘या धडकेने असं नुकसान होऊच शकत नाही.’ ही सर्व्हेअरची मतं आहेत, आणि मताला पुराव्याने उत्तर देता येतं. न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की सर्व्हे रिपोर्ट महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नाही. रिपोर्टची प्रत मागा, ती मागण्याचा हक्क आहे. मग प्रत्येक कापलेल्या ओळीला लेखी उत्तर द्या. ‘जुनं नुकसान’ असं म्हटलं असेल तर अपघाताआधीच्या शेवटच्या सर्व्हिसिंगचं जॉबकार्ड काढा. गाडी आत घेताना वर्कशॉपवाला ओरखडे आणि चेपा त्या कार्डावर टिपून ठेवतो. त्या दिवशी ती चेप नव्हती, हे दाखवणारा त्याहून चांगला कागद मिळायचा नाही. आणि अंबडच्या गॅरेजवाल्याला कितीही घाई असो, सर्व्हे होण्याआधी गाडी खोलू देऊ नका. खोललेल्या गाडीवर सर्व्हेअरने घेतलेली हरकत खोडून काढणं फार जड जातं.

‘मिळेल त्यावर सही करा’ या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. गाडी गॅरेजमध्ये अडकलेली, भाडं चढतंय, रोज रिक्षाने कामावर जायचं, अशा माणसापुढे ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेला कागद ठेवला जातो. सही केलीच तर सगळं संपलं का? नाही. अजमेर सिंग कॉटन मिल्स खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दबावाने, फसवून किंवा नाइलाजाचा गैरफायदा घेऊन घेतलेल्या सहीमुळे ग्राहकाचा तक्रारीचा हक्क जात नाही. मात्र तो दबाव सिद्ध करावा लागतो. म्हणून सहीसोबतच ‘रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारत आहे’ असं लिहा, आणि त्याच दिवशी तसा ईमेल पाठवा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या पत्राला तेवढं वजन राहत नाही.

अट मोडली म्हणजे शून्य, हेही दर वेळी खरं नाही. शिर्डी-त्र्यंबकेश्वरच्या भाविकांना खासगी नंबरची गाडी भाड्याने देणारे नाशिकमध्ये कमी नाहीत, आणि सिंहस्थाच्या गर्दीत ते वाढतीलच. तो अटीचा भंगच आहे, तसं करू नये. पण अमलेंदु साहू खटल्यात २०१० मध्ये नेमकी भाड्याने दिलेली खासगी गाडी होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने क्लेम पूर्ण नाकारणं चूक ठरवलं. अशा भंगात ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने, देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत तडजोड होऊ शकते. पुराच्या पाण्याचंही तसंच अर्धवट ज्ञान फिरतं. गोदेला पूर आला आणि काठाला लावलेल्या गाडीत पाणी शिरलं, तर सर्वसमावेशक पॉलिसीत पूर धरलेला असतो. पाणी शिरलेल्या गाडीला तसंच स्टार्टर मारलं आणि इंजिन बसलं, तर ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कवच घेतलेलं नसल्यास त्या इंजिनाचे पैसे नाकारले जातात. त्यामुळे चावी न फिरवता टोइंग बोलवा.

राहिला ‘कोर्टात वकिलाचीच फी’ हा मुद्दा. कोर्टाआधी दोन पायऱ्या आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. पहिली, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. सोबत इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही नोंदवा. इर्डाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत रिपोर्ट मिळवायचा आणि रिपोर्ट आल्यापासून ७ दिवसांत निर्णय द्यायचा. कागद अपुरे आहेत एवढ्यावर क्लेम नाकारायचा नाही. तक्रारीत या मुदती तारखांसकट लिहिल्या की उत्तराचा सूर बदलतो.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर दुसरी पायरी म्हणजे विमा लोकपाल. नाशिकसाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, तक्रार ऑनलाइनही करता येते. वकील लागत नाही, फी नाही, मर्यादा ५० लाखांची. लोकपालांचा निवाडा कंपनीला पाळावाच लागतो, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही पुढे जाऊ शकता. उलट क्रमाने मात्र जाता येत नाही. आधी ग्राहक आयोगात गेलात तर त्याच वादासाठी लोकपालांचं दार बंद होतं. नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात भरलेल्या मोबदल्यावर फी ठरते, आणि ५ लाखांपर्यंत ती शून्य आहे. इथे मोबदला म्हणजे गाडीच्या विम्याचा हप्ता, आणि तो त्या मर्यादेच्या कितीतरी आत असतो. तिथेही स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

लोकपालांकडे जायला कंपनीच्या नकारापासून एक वर्ष मिळतं, ग्राहक आयोगाकडे दोन वर्षं. म्हणून कॉल सेंटरवरून ‘सर, तुमचा क्लेम बसत नाही’ असं ऐकून फोन ठेवू नका. पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नाकारला, ते तारखेसह लेखी पाठवायला सांगा.