ग्रुप सीबीटीबद्दलचा तो फॉरवर्ड आणि त्यातली पाच विधानं

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: मनोरुग्ण एका खोलीत बसवले की एकमेकांची रडगाणी ऐकून जास्तच खचतात; ग्रुप थेरपी म्हणजे वेळ वाचवून फी गोळा करायचा धंदा; आजार कुठलाही असो, सगळ्यांना एकच मात्रा; आत बोललेलं बाहेर फुटतंच. शेवटी सल्ला, घरी बसून सकारात्मक विचार करा, गोळ्याही सुटतील.

रडगाण्यांपासून सुरुवात करू. ग्रुप सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी, गटात घ्यायची थेरपी. तिच्यात कहाणी सांगत बसायला फारसा वेळच नसतो. सहा-आठ जण, बहुधा दोन थेरपिस्ट, ठरावीक सत्रं, आणि आल्याआल्या प्रश्न, ‘मागच्या वेळचा गृहपाठ कुणी कुणी केला?’ समजा, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारा एक जण आहे. चारचौघांत कप उचलला की हात थरथरतो, म्हणून त्याने लग्नकार्यं सोडलीत. गटात त्याच्या हातात काठोकाठ भरलेला कप देतात. आधी तो कागदावर लिहितो: ‘चहा सांडेल, सगळे हसतील’, आणि शेजारी खात्री ९० टक्के. मग सगळ्यांसमोर चहा पितो. थोडा बशीत सांडतोही. त्यानंतर बाकीच्यांना विचारायचं, काय दिसलं? कुणाला थरथर दिसलेलीच नसते. कुणाला दिसली, पण तो आपली पाळी कधी येते या धास्तीत असतो. ९० चा आकडा खोडून खाली आणायचा की नाही, ते त्यानेच ठरवायचं. एकट्या डॉक्टरसमोर हे तितकं जमत नाही. ‘डॉक्टर काय, बरंच बोलणार,’ असं म्हणायला पेशंट मोकळा असतो. इथे बघणारी माणसंच लागतात.

चारचौघांच्या भीतीसाठी ही पद्धत रिचर्ड हाइमबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात बांधली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या १३३ रुग्णांच्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर असा गट आणि फेनेल्झिन हे औषध, दोन्हींनी गुण आलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखं होतं. औषधाचा गुण लवकर दिसला, हेही खरं.

धंद्याचं म्हणाल, तर वेळ वाचतो यात लपवण्यासारखं काय आहे? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निरनिराळ्या आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले होते. आणि गटाची कल्पना निघाली तीच गरिबांसाठी. १९०५ साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी सॅनेटोरियम न परवडणाऱ्या टीबीच्या रुग्णांचे वर्ग सुरू केले. वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमच्या आठवणी ज्या घरांत आहेत, तिथे याचं मोल सांगायला नको. फी मात्र आधी विचारा. माणशी एकट्याच्या सत्राइतकीच लावत असतील तर जरूर भांडा.

‘एकच मात्रा’ हे साफ चूक. धुण्या-पुसण्याच्या ओसीडीत, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी तीच ती कृती करायला लावणाऱ्या आजारात, कडीला हात लावून तो न धुता बसायचं असतं. पॅनिकमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या घबराटीच्या झटक्यांत, मुद्दाम जोरात श्वास घेऊन धडधड आणायची. नैराश्यात अंघोळ, दाढी, बागेतली चक्कर यांचं रोजचं वेळापत्रक. स्किझोफ्रेनियात औषधांच्या जोडीनेच. उन्मादाचा झटका चालू असलेल्याला किंवा आत्महत्येच्या काठावर असलेल्याला आधी गटात नव्हे, मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणारी ब्रिटनची नाइस ही संस्था सौम्य नैराश्यात ग्रुप सीबीटी सुचवते. चारचौघांच्या भीतीत मात्र एकट्याने घ्यायची सीबीटी तिला अधिक पसंत. म्हणजे गट सगळीकडे सरस, असंही नाही.

बोभाट्याच्या मुद्द्यात तथ्य आहे. विश्रामबागेत शिंकलं तर गावभागात कळतं, अशी आपली सांगली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ उपचार करणाऱ्यांना गोपनीयतेने बांधतं. शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटला नाही. त्याच्यावर बंधन असतं ते पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून कबूल केलेल्या नियमाचं. म्हणून नाव घालण्याआधी थेरपिस्टला स्पष्ट विचारा: गटात भावकीतलं, सोयरीकीतलं, ऑफिसातलं कुणी निघालं तर काय करता? आडनाव न सांगता चालेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे बसू नका. तासगावच्या माणसाने मिरजेचा गट निवडला, किंवा एकट्यानेच सीबीटी घेतली, तर बिघडत काही नाही.

राहिला सकारात्मक विचार. १९६० च्या दशकात ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञांनी मांडलेल्या सीबीटीच्या पद्धतीत विचार गोड करत नाहीत, तपासतात: याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय? कधी वाईट शंका खरीच निघते. मग विचार सोडून प्रश्न सोडवायला घेतात.

गोळ्यांची ओळ सर्वांत घातक. डोस कमी करायचा तो लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी. ते लगेच भेटत नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात. आणि मेसेज तुमच्या घरच्या ग्रुपवर येऊन गेला असेल, तर तो वाचून कुणी डबी बाजूला ठेवली नाही ना, एवढं आजच विचारून घ्या.